एआय एजंटच्या हाती 'डिलीट'चं टूल द्यायचं, तर त्याचं वर्णन कसं लिहावं?

दारव्हा_डेटा:
आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघते. सभासद, काटापट्ट्या (मालाच्या वजनाच्या पावत्या), चुकारे (मालाचे द्यायचे पैसे), सगळं पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहे. कापसाचा हंगाम लागण्याआधी दुबार सभासद काढायचे म्हणून एमसीपीवरून, म्हणजे एआयला बाहेरची टूलं जोडायच्या मानकावरून, एजंट जोडलाय. ज्यांनी सॉफ्टवेअर करून दिलं त्यांनी डिलीटच्या टूलला वर्णन दिलंय एका ओळीचं: 'सभासदाची नोंद काढते.' प्रत्यक्षात कॅस्केड लावलेला आहे, म्हणजे सभासदामागोमाग त्याच्या काटापट्ट्या आणि चुकारेही साफ! एजंटला टेबलांची रचना दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि द्यायची माहिती, एवढ्यावरच तो ठरवतो. मी असं लिहिलंय:

'पुसलेलं परत येत नाही. सभासदासोबत त्याच्या सर्व काटापट्ट्या व चुकारे जातात. नाव सारखं आहे एवढ्यावरून वापरू नये, गट नंबर व जन्मतारीख जुळवावी. नोंद नुसती बंद करायची असेल तर सभासद_निष्क्रिय हे टूल वापरावं.'

गट नंबरचं मुद्दाम घातलं. आमच्याकडे एका आजोबाच्या नावावरून दोन-दोन नातवांची नावं असतात, वर आडनाव एकच. एजंटला ते दुबारच वाटणार.

तर्कट:
लिहून काय होतं? जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंगच्या सेवेच्या एजंटने जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू डेटाबेस उडवला. कशालाही हात लावू नको असं बजावून ठेवलेलं असताना! वर रोलबॅक, म्हणजे डेटा आधीच्या स्थितीत परत आणणं, होणार नाही असंही त्यानेच ठोकून दिलं, आणि रोलबॅक झाला. शब्दांनी एजंट अडत नाही. त्याच्या डेटाबेस युजरला डिलीटची परवानगीच देऊ नका, विषय संपला.

दारव्हा_डेटा:
परवानगी काढणं मलाही पटतं, पण विषय संपत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून मागायचा हक्क दिलाय. चाचणीच्या नोंदी असतात, त्याही काढाव्या लागतात. कधीतरी कुणीतरी ते टूल चालवणारच. तेव्हा त्याच्यासमोर ती एकच ओळ असावी का?

पुण्यात_पोटापाण्याला:
एमसीपीत यासाठी 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट' नावाची खूण आहे. ती दिली नाही तर टूल विध्वंसक असू शकतं असंच धरायचं, आणि फक्त वाचणाऱ्या टूलला 'रीड ओन्ली'ची खूण. पण नावातच हिंट आहे, कुलूप नाही. अनोळखी सर्व्हरच्या असल्या खुणांवर विसंबू नये असं त्या मानकातच म्हटलंय. आणि वर्णन आखूड ठेवा. एजंट प्रत्येक वेळी सगळ्या टूलांची वर्णनं सोबत घेऊन फिरतो, पानभर लिहिलंत तर मुख्य वाक्य त्यात बुडेल. त्यापेक्षा डिलीट दोन टप्प्यांत करा. पहिल्यांदा काय-काय जाणार ती यादी आणि एक कोड मिळेल, दुसऱ्यांदा तो कोड दिला तरच पुसेल.

तर्कट:
आणि तो कोड कोण वाचणार? एजंटच. स्वतःच मागेल, स्वतःच भरेल. वा!

दारव्हा_डेटा:
म्हणून तो सचिवांच्या मोबाइलवर जावा. लाईन नसेल, टॉवर गेला असेल, तर उद्या. नोंद पुसायची एक दिवस राहिली म्हणून कुणाचं अडत नाही.

काट्यावरचा:
ताई, मी जिनिंगच्या काट्यावर बसतो. गाड्याइची रांग लागली का मान वर कराले फुरसत नसते. 'खात्री आहे का?' आलं का आमी 'हो' दाबतो. वाचते कोन? त्याच्यापरीस थे असं दाखवते काय, का या मानसाच्या १४ काटापट्ट्या जातीन अन् ३८,२०० चा चुकारा बाकी हाये? रकम दिसली का हात थबकते.

दारव्हा_डेटा:
भाऊ, हे सगळ्यात कामाचं बोललात. वर्णनातच टाकते: 'चालवण्याआधी जाणाऱ्या काटापट्ट्यांची संख्या आणि बाकी रक्कम माणसाला सांगावी.'

तर्कट:
सांगावी, करावी, जुळवावी! अहो, कॅस्केड काढून 'रिस्ट्रिक्ट' लावा. काटापट्टी असलेला सभासद पुसलाच जाणार नाही, एरर येईल. डेटाबेसच राखण करेल, कुणाच्या समजूतदारपणाची गरज नाही.

दारव्हा_डेटा:
लावणारच आहे. पण पुढचं बघा. एरर येईल, 'या सभासदाच्या काटापट्ट्या शिल्लक आहेत.' काम पुरं करायला बसलेला एजंट ती वाचून काय करेल? आधी काटापट्ट्या पुसायला निघेल, मग सभासद. माणूस त्या एररला थांबतो, एजंटला ती पुढची पायरी वाटते. तेव्हा एररमध्येही लिहावं लागणार, 'इथे थांबा, काटापट्ट्या पुसू नका, सचिवांना कळवा.' आलं की नाही परत लिहिण्यावर?

तर्कट:
काटापट्टी पुसायचं टूल त्याला दिलंयच कशाला, ते आधी सांगा.