नियम बदलले, पिंजरे भरलेलेच: औषधाच्या चाचणीत पहिला मान अजून उंदरालाच का?

कल्चरवाली

मार्च 2023 मध्ये आपल्याकडे नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती झाली. मानवी पेशींवरच्या चाचण्या, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले चिमुकले अवयव), ऑर्गन-ऑन-चिप (अवयवाच्या पेशी बसवलेली छोटी चिप), संगणकी मॉडेल हे सगळं प्राण्यांऐवजी किंवा त्यांच्या जोडीनं वापरता येईल असं त्यात आलं. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेनं 1938 पासूनची प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती कायद्यातून काढली होती. एप्रिल 2025 मध्ये तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषध नियामकानं, प्राणी टप्प्याटप्प्यानं कमी करण्याचा आराखडा जाहीर केला, सुरुवात मोनोक्लोनल अँटिबॉडीपासून.

आणि आपल्या परळ ते खारघर पट्ट्यातल्या लॅबमध्ये? प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या प्रस्तावातली ओळ तीच: विस्टार रॅट (लॅबमधली नेहमीची जात), इतके गट, गटात इतके. "का?" या रकान्यात मागच्या प्रस्तावातलं वाक्य चिकटवलेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. यकृताला अपाय होतो का, हे बघायचं असेल तर पहिली चाचणी मानवी यकृताच्या पेशींवर हवी, आणि प्राणी लागणारच असेल तर तो का लागतो हे सिद्ध करायची जबाबदारी मागणाऱ्यावर हवी. आज उलटं चालतं.

फियालुरिडिन आठवा. हिपॅटायटिस बी वरचं औषध, 1993 मधली अमेरिकेतली चाचणी, 15 रुग्ण. उंदीर, कुत्रे, माकडं, सगळ्यांत त्या धोक्याचा मागमूस नव्हता. सात जणांची यकृतं निकामी झाली, पाच दगावले, दोघं प्रत्यारोपणामुळे वाचले. मानवी मायटोकाँड्रियात (पेशीतल्या ऊर्जाघरात) औषध आत ओढणारा एक वाहक असतो, तो उंदराच्या मायटोकाँड्रियात तसा नसतो. मग उंदीर सांगणार तरी काय?

2022 च्या शेवटी लिव्हर-चिपचा मोठा अभ्यास आला. 27 औषधं, 870 चिप. यकृताला घातक ठरलेल्या औषधांपैकी 87 टक्के ओळखली, आणि निर्धोक औषधावर खोटा आरोप एकही नाही. यातली बरीच औषधं प्राण्यांच्या चाचण्यांतून पार होऊन माणसापर्यंत पोचली होती.

मतं येऊ द्या. भावनिक नको, लॅबमधली हवीत.

टिटवाळा_फास्ट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. परळवाले काका येतीलच.

परळचा_म्हातारा

आलो.

ताई, धागा चांगला आहे, पण 27 चा हिशेब अर्धाच दिलात. त्यात घातक औषधं 22 आणि निर्धोक 5. "खोटा आरोप एकही नाही" म्हणजे पाचात शून्य. आणि लेखकांपैकी बहुतेक चिप विकणाऱ्या कंपनीतलेच. अभ्यास वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला आवडला. पण पाचावर शंभर टक्के लिहिणारा विद्यार्थी माझ्याकडे व्हायव्हाला आला असता तर चहा पाजून परत पाठवला असता.

आता मूळ मुद्दा. 1932 च्या डिसेंबरात जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी स्ट्रेप्टोकॉकसची लागण केलेल्या उंदरांना प्रॉन्टोसिल नावाचा लाल रंग दिला. उंदीर जगले. तेच प्रॉन्टोसिल काचेच्या नळीत जिवाणूंवर ओतलं तर काही म्हणजे काही नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटनं 1935 मध्ये कारण शोधलं: शरीर त्या रेणूचे तुकडे करतं, आणि त्यातला सल्फानिलमाइड हा तुकडा खरं काम करतो. फक्त काचेवर विसंबले असते तर सल्फा औषधं कचऱ्याच्या डब्यात गेली असती.

चाळीत वरच्या मजल्याला पाणी का येत नाही, हे एका खोलीतली तोटी खोलून कळत नाही. टाकी, पंप, खालच्या मजल्यावर कोणी मोटर लावलीय, सगळं बघावं लागतं. औषध आतड्यातून शोषलं जातं, यकृतात बदलतं, मूत्रपिंडातून जातं, मेंदूच्या दारावर अडतं. तुमची चिप त्यातली एक खोली आहे.

आणि फियालुरिडिनची पुढची गोष्ट सांगायची राहिली. 2014 मध्ये मानवी यकृतपेशी बसवलेल्या उंदरांना ते दिलं तेव्हा अपाय स्पष्ट दिसला. म्हणजे चुकीचा प्राणी वापरला होता.

शेवटचं, आणि हे ह.घ्या. तुमचे ऑर्गनॉइड ज्या मॅट्रिजेल नावाच्या जेलमध्ये वाढतात ते उंदराच्या ट्यूमरमधून काढतात. मीडियात, म्हणजे पेशींच्या खाद्यद्रवात, ओतता ते सिरम गाईच्या गर्भातल्या वासराचं. प्राणीमुक्त म्हणण्याआधी फ्रीज उघडून बघा.

टिटवाळा_फास्ट

खिक्. फ्रीज उघडून बघा!

कल्चरवाली

काका, फ्रीज रोज उघडते. सिरमशिवायचे मीडिया आहेत, महाग आहेत, आणि काही पेशी त्यात रुसतात. मॅट्रिजेलला पर्याय म्हणून कृत्रिम जेल येतायत. पण "प्राणीमुक्त" हा शब्द मी वापरलाच नव्हता, वर जाऊन पुन्हा वाचा.

प्रॉन्टोसिल 1932 चं आहे. आज कोणीही रेणू नुसता जिवाणूवर ओतून हात झटकत नाही. एम्स चाचणीतसुद्धा, म्हणजे रेणूमुळे जनुकांत बदल होतो का हे सॅल्मोनेला जिवाणूंवर बघतात त्यात, यकृताचा अर्क मिसळतात, ते याच धड्यामुळे. (हो, अर्क रॅटच्या यकृताचा. माहीत आहे.) मानवी यकृतपेशी आधी आणि त्यांनी बदललेलं द्रव्य पुढच्या पेशींवर, अशी जोडणी करता येते.

चुकीचा प्राणी वापरला म्हणता. मग बरोबर प्राणी कोणता हे आधी कसं कळणार? थॅलिडोमाइडच्या वेळी रॅट आणि माईसमध्ये फारसं काही दिसत नव्हतं, नंतर न्यूझीलंड जातीच्या सशात दिसलं. माणसाला काय झालं हे कळल्यावर योग्य प्राणी सापडतो, याला मी पूर्वसूचना म्हणणार नाही.

2006 मध्ये लंडनला टीजीएन1412 ही अँटिबॉडी सहा निरोगी माणसांना दिली. माकडांना सुरक्षित ठरलेल्या डोसच्या पाचशेव्या हिश्शाएवढी. सहाही जण काही तासांत अतिदक्षता विभागात.

परळचा_म्हातारा

टीजीएन1412 तुमच्या बाजूचा साक्षीदार नाही. माकडाच्या काही ठरावीक टी-पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) सीडी28, म्हणजे ती अँटिबॉडी जिथे चिकटते तो रेणू, नसतं, हे खरं. पण चाचणीआधी मानवी पेशींवरही ती अँटिबॉडी तपासली होती, आणि त्यांनीही गजर दिला नव्हता. अँटिबॉडी नुसती द्रवात न सोडता प्लेटच्या तळाला चिकटवली तर पेशी सायटोकाइनचा, म्हणजे दाह पेटवणाऱ्या द्रव्यांचा, पूर सोडतात, हे घटनेनंतर कळलं. मानवी पेशी होत्या, प्रश्न चुकीच्या पद्धतीनं विचारला होता. माकडाला दोष देताना प्लेटलाही द्या.

शिवडी_नाका

तुमचं दोघांचं यकृत झालं असेल तर फुप्फुसाकडे या. मुंबईत राहून औषधांवर बोलायचं आणि टीबी नाही?

टीबीत उंदरानं दोन्ही खेळ केलेत. माईसमध्ये मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घातल्यावर उपचार लवकर संपतात असं दिसलं, म्हणून माणसांत सहाऐवजी चार महिन्यांचा कोर्स करून पाहिला. 2014 मध्ये निकाल आला: चार महिने पुरत नाहीत, आजार उलटतो. बीएएलबी/सी या लॅबमधल्या नेहमीच्या जातीच्या माईसच्या फुप्फुसात माणसासारख्या चीजसारख्या मऊ गाठी होतच नाहीत, जिवाणू वेगळ्याच जागी लपतात. हा एक गोल कल्चरवालीचा.

आता दुसरा. रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन एकत्र, हेही माईसनीच सुचवलं होतं, आणि 2021 च्या निकालात त्यांचा चार महिन्यांचा कोर्स सहा महिन्यांच्या तोडीस तोड ठरला. हा गोल काकांचा.

आणि बेडाक्विलिन? चाळीस वर्षांत टीबीसाठी नव्या पद्धतीनं काम करणारं पहिलं औषध, 2012 च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता. ते कुठल्या हुशार मॉडेलनं दिलं नाही. जिवंत जिवाणूंवर, तेही टीबीच्या नव्हे तर त्याच्या निरुपद्रवी, भरभर वाढणाऱ्या नातेवाइकावर, रेणू टाकून बघितले, जे मारेल ते उचललं. कुठल्या प्रथिनावर काम करतं ते मागाहून शोधलं. तेव्हा आधी लक्ष्य ठरवा, मग रेणू घडवा, हा जो सगळ्या पोस्टरवर दिसणारा मार्ग आहे, त्यावरही एक धागा काढा कधी.

पवईकर

लक्ष्य-आधारितला एवढं झोडपू नका. प्रथिनाचा आकार सांगणारा अल्फाफोल्ड हा संगणकी प्रोग्राम घडवणाऱ्यांना 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल उगाच नाही मिळालं. पण प्रथिनाचा आकार कळणं आणि औषध माणसाला झेपेल का हे कळणं, यांत मैलोनमैल अंतर आहे, हे संगणकवाला असूनच सांगतो.

संगणक आणि पेशी जिथे खरंच कामाला आलेत ती जागा हृदयाची आहे. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचं औषध नव्वदच्या दशकात हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतं म्हणून बाजारातून गेलं, सिसाप्राइड 2000 मध्ये. दोन्ही हृदयाच्या पेशीतला हर्ग नावाचा पोटॅशियमचा मार्ग अडवतात. आज कुठलाही रेणू कुत्र्यापर्यंत जायच्या कितीतरी आधी हर्गवर तपासला जातो, आणि तिथेच असंख्य रेणू बाद होतात. याला कोणी क्रांती म्हणत नाही, कारण ते रोजचं काम झालंय.

डोंगरवाडीचा_शेजारी

वैज्ञानिक नाही, वाचक आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक माणसावर चालतं, गुरांवर चालतं. गिधाडावर कोणी बघितलंच नव्हतं. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गेलं, मूत्रपिंडं बंद पडली, आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्याण्णव टक्क्यांहून जास्त गेली. कारण 2004 मध्ये सापडलं, 2006 मध्ये गुरांसाठी बंदी आली. मृतदेह खायला गिधाडंच उरली नाहीत, म्हणून आमच्या शेजारी पारशांना दख्म्यात (अंत्यविधीच्या मनोऱ्यात) सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले.

पर्यायी औषध म्हणून मेलॉक्सिकॅम सुरक्षित ठरलं ते गिधाडांना देऊनच. चिपवर नाही. मी कोणाच्या बाजूनं बोललो ते मलाच नीट कळलं नाही, पण सांगावंसं वाटलं.

शहापूरची_नर्स

काकांच्या बाजूनं एक. सर्पदंशाच्या लशीच्या बाटलीवर लिहिलेलं असतं: 1 मिलिलीटर औषध नागाचं 0.6 मिलिग्रॅम विष निकामी करतं, मण्यारीचं 0.45. हे आकडे उंदरांवरच काढलेले असतात. पावसाळ्यात शेतावरून माणूस येतो तेव्हा मी त्या आकड्यांच्या भरवशावर बाटल्या फोडते. ते थांबवा म्हणाल तर आधी तेवढाच भरवशाचा दुसरा आकडा हातात द्या.

कल्चरवाली

नर्सताई, लशीच्या प्रत्येक बॅचची ताकद मोजणं आणि नव्या रेणूला यकृत सोसतं का बघणं, ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या बाटलीला हात लावायचं मी म्हणत नाही. माझा धागा दुसऱ्याबद्दल आहे, आणि काका मुद्दाम सगळं एका टोपलीत घालतात.

परळचा_म्हातारा

घालत नाही. विचारतो एवढंच, प्राणी काढलात की त्याच्या जागी कोण? आमच्या शेजारच्याच इतिहासात उत्तर आहे. हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. स्वतःला टोचली त्याबद्दल मुजरा. कैद्यांबद्दल आजची एथिक्स कमिटी काय म्हणेल ते तुम्हीच सांगा. आणि पिसवांतून प्लेग पसरतो हे दाखवायला ग्लेन लिस्टन यांनी मुंबईतल्या प्लेगच्या घरात गिनिपिग सोडले होते. त्यांच्या अंगावर घुशी-उंदरांच्या पिसवा सापडल्या. त्या घरात माणूस ठेवून बघायचं होतं का?

फॉर्म_बी

इतका वेळ गप्प होतो. नवी मुंबईत कंत्राटी संशोधन करणाऱ्या कंपनीत टॉक्सिकोलॉजीला आहे, अ‍ॅनिमल हाउसची कागदपत्रं माझ्याच टेबलावरून जातात. विज्ञानाचं भांडण छान चाललंय, पण रॅट कमी होत नाहीत त्याचं कारण विज्ञानात नाही.

कारण फाइल आहे. पहिल्यांदा माणसाला औषध द्यायचं तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे साधारणपणे दोन जातींत विषचाचणी मागतात, एक उंदीरवर्गातली, एक त्याबाहेरची. आपला नियम म्हणतो पर्याय चालेल. चालेल, हवाच असं नाही. मग क्लायंट विचार करतो: चिपचा डेटा दिला आणि नियामकानं शंका काढली तर चार महिने गेले. रॅटचा डेटा दिला तर कोणी भुवई उंचावत नाही. तो म्हणतो, "दोन्ही करा." झालं! चिप आली, रॅट तेवढेच. ताईंनी म्हटलेली "जबाबदारी मागणाऱ्यावर" नियमात नाहीच. आणि चिप बाहेरून येते, कस्टममध्ये अडकते, आलेल्या पेशींची पुढची बॅच तशीच वागेल याची खात्री नाही. रॅट कंपाउंडमध्येच वाढतो.

टिटवाळा_फास्ट

अवांतर: 1938 चा अमेरिकेचा कायदा आला तो सल्फानिलमाइडच्याच एका पातळ औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य घातल्यानं शंभरावर माणसं मेली म्हणून. आणि 1986 मध्ये आपल्या जे. जे. मध्ये 14 रुग्ण गेले ते त्याच द्रव्यानं दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे. चौकशीला लेंटिन आयोग बसला. तिथे उंदीर नाही, बॅच तपासणारा एक प्रामाणिक केमिस्ट पुरला असता. आता पॉपकॉर्न संपलं.

परळचा_म्हातारा

फॉर्म_बी, हे नीट बोललात. मग माझी सूचना. ज्या औषधांचा माणसांवरचा निकाल माहीत आहे, त्यांचा प्राण्यांवरचा डेटा कंपन्यांच्या कपाटांत पडून आहे. विशेषतः जी माणसात पडली त्यांचा. तो बाहेर काढा, तेच रेणू चिपवर चालवा. 27 चे 300 होऊ द्या, निर्धोक औषधं पाचाऐवजी शंभर असू द्या. नवा एकही रॅट न मारता माझं समाधान होईल. त्यानंतरही चिप टिकली तर जबाबदारी मागणाऱ्यावर टाका, मी स्वतः सही करीन.

कल्चरवाली

हे मला मान्य. लेखी ठेवते. निर्धोक औषधांची यादी तुम्ही करा, काका, म्हणजे मी सोपी निवडली असं म्हणायला नको.

फॉर्म_बी

दोघांनाही एक गार पाण्याचा शिपका. तो डेटा आमच्या कपाटात असला तरी मालकी क्लायंटची असते. करारात गोपनीयतेचं कलम असतं, आणि पडलेल्या औषधाबद्दल तर क्लायंट फोनही उचलत नाही. यादी पाठवा, मी विचारून बघतो. कोणाला विचारायचं तेवढं आधी कोणीतरी सांगा.