डोंगरउतारावर जाळरेषा कधी आणि किती रुंद काढावी?

प्रश्न: गावामागे सह्याद्रीचा गवताळ उतार आहे, माथ्यावर झाडी. मार्चमध्ये वणवा खालून वर चढतो. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून केलेला मोकळा पट्टा, कुठे नि कशी काढावी?

उत्तर १: गवत पिवळं पडू लागलं की, डिसेंबर-जानेवारीत, कापायला घ्या. १५ फेब्रुवारीच्या आत काम संपलंच पाहिजे. कमरेएवढ्या गवताला ३ मीटर पुरत नाहीत, ६ धरा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे कापलेलं गवत पट्ट्यातच पडू देणं. त्याचीच वात होते. उघडी माती दिसेपर्यंत झाडा. पानगळ पुन्हा साचते, म्हणून दर पंधरवड्याला परत झाडा. जागा धारेवरची किंवा पायवाटेलगतची निवडा. उतारावर मधोमध काढलेली रेषा सहसा टिकत नाही, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवतात आणि पेटते ओंडके खाली गडगडतात.

उत्तर २: कापलेलं गवत जाळायचं तर वनरक्षकासमोरच, पहाटे दव असताना, वरून खाली. राखीव वनात विनापरवानगी आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्नकर्ता: आणि धुराचं काय? सकाळी गावात डोळे चुरचुरतात.

उत्तर १: रात्री थंड हवा दरीत उतरते, वरच्या उबदार हवेखाली धूर तिच्यातच अडकतो, ऊन तापल्यावर उठतो. तोवर लहान मुलं, दमेकरी घरातच, खिडक्या बंद. ओला रुमाल बारीक कण अडवत नाही, एन-९५ मास्क लागतो. विझवताना आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहू नका. जळून गेलेल्या बाजूला सरका. वणवा दिसताच वन विभागाच्या १९२६ या फोन क्रमांकावर कळवा.