पोरीनं बोकडाला नाव ठेवलंय आणि ईदला तो विकायचाय, तिला काय सांगू?

बार्शीकर८५:
दोन वर्षं झाली पुणं सोडून गावाकडं आलोय. वडिलांच्या ७ उस्मानाबादी शेळ्या, त्यातल्या एकीला गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास जुळी झाली, एक पाट म्हणजे मादी न एक बोकड. शेळीला दूध दोघांना पुरेना म्हणून बोकडाला बाटली आमच्या ६ वर्षांच्या पोरीनंच पाजली आणि पहिल्याच दिवशी नाव ठेवलं ढब्बू. परवा गिऱ्हाईक आलं, त्यानं ओठ वर करून दात बघितले, दोन दात आलेत म्हणजे वर्ष भरलं, मग शिंग मोडलंय का कान फाटलाय का सगळं चाचपलं, कारण ईदला खोट असलेला चालत नाही. आणि हे चाललेलं असताना ढब्बूला धरून कोण उभं तर आमची पोरगी, तिला वाटलं डॉक्टर आलाय! आई म्हणते सांग मामाच्या गावाला गेला म्हणून. बायको म्हणते विकूच नका. वडील म्हणतात एकेक ठेवत बसलं तर दावण भरंल न खिसा रिकामा. आम्ही स्वतः दर रविवारी मटण खातो त्यामुळं कुठल्या तोंडानं काय सांगू तेच कळेना.

कासरा:
मामाचं गाव तेवढं सांगू नका राव. माझ्या लाल्यालापण तिकडंच पाठवलेला, मी चौथीत होतो. जत्रेच्या पंगतीत शेजारचे काका रस्सा भुरकत म्हणले, "लाल्या लय कवळा निघाला." उठून गेलो असतो तर बरं झालं असतं, तसाच बसून राहिलो भाकरी कुस्करत. मटण आजही खातो, त्याचं काय नाही. पण पुढं आजीला दवाखान्यात नेलं तेव्हा मी आईला तीनदा विचारलं, खरंच दवाखान्यातच नेलंय का.

खिल्लारी:
काय एवढं त्यात. आमच्या घरात १२ शेळ्या होत्या, आम्हाला कोण समजावत बसलं होतं? दोन दिवस रडंल न तिसऱ्या दिवशी दुसऱ्या करडामागं पळंल.

वऱ्हाडातली:
रडू द्या ना मग दोन दिवस, पण कायले रडते ते तरी तिला माहीत पाहिजे. आमच्या इकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं काम माझं असे, म्हणून बैल म्हणजे मले घरचाच माणूस वाटे. आता बाबांचा एक बैल थकला, नांगराले चालत नाही. २०१५ पासून बैल कापायले बंदी, त्यामुळे बाजारात नेला तरी म्हाताऱ्याले कोणी विचारत नाही, तो कडुनिंबाखाली बसून असते. माझा पोरगा विचारते, आजोबा ह्याचा चारा-कुटार कुठून आणते? आता त्याले काय सांगू!

गोठ्यातला_डॉक्टर:
बोकडाचं काय ते ठरवा, पण पोरगी गोठ्यातच वाढतीय म्हणून लिहितो. शेळी वेताला आली की तिला लांब ठेवा. व्यायल्यावर पडलेली वार किंवा गाभडलेलं करडू मोठ्यांनीसुद्धा उघड्या हातानं उचलायचं नाही, ब्रुसेलोसिस माणसाला लागतो न ताप उलटून उलटून येतो. दूध उकळूनच, ते धारोष्णचं कौतुक पुरे. हात साबणानं धुवायचे, नुसते पाण्यात बुचकळून नाही. आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या, एका रात्रीत धडधाकट करडू मेलेलं बघणं हे विकण्यापेक्षा वाईट असतं पोरांना.

बार्शीकर८५:
सगळ्यांना धन्यवाद. काल संध्याकाळी गव्हाणीशेजारी बसून सांगितलं सगळं, खोटं काही बोललो नाही. आधी गप्प. मग म्हणाली, "आपण रविवारी खातो तो पण कुणाचा ढब्बू असतो का?" मी हो म्हणालो. जेवली नाही. आज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी तिनं स्वतः त्याच्या गळ्यातलं घुंगरू सोडलं न त्याच्या बहिणीला बांधलं, मग हिचं नाव ठेवू का म्हणून विचारायला आली. वडील म्हणाले, ठेव, पाट आहे, ती विकायची नाही. अजून ठरलं नाही नाव, दुपारपासून चार झालेत.