संध्याकाळी स्कूटर चार्ज होत नाही, आणि काजूच्या बागेसाठी बॅटरीवरचं गवत कापायचं मशीन घेऊ का? सल्ला हवाय

नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, बेळगाव-चोर्ला रस्त्याला, जांबोटीच्या अलीकडे. मी बेळगावात एका दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर आहे. जाऊन-येऊन ५० किलोमीटर होतात. जुलैमध्ये पेट्रोलची गाडी विकून इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. बॅटरी तीन युनिटची.

गाडीवर मी खूश आहे, हे आधीच सांगते. भर पावसात चालवली, चढाला कुठे अडली नाही. पेट्रोलला महिन्याला पावणेतीन हजार जायचे. घरी गृहज्योती (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) आहे. आमची सरासरी ६२ युनिट, त्यावर दहा टक्के धरून ६८ पर्यंत बिल शून्य यायचं. आता १०७ येतात, म्हणजे वरच्या ३९ युनिटचे पैसे भरते, अडीचशेच्या आसपास. (२०० च्या वर गेलं की सगळंच बिल भरावं लागतं, म्हणून मीटरवर लक्ष ठेवते. बिल कन्नडमध्ये असतं, ते मुलगा वाचून दाखवतो.) सासूबाईंना सुरुवातीला वाटलं, फुकटची लाईट गेली. हिशेब मांडून दाखवला तेव्हा पटलं.

अडचण दिवाळीनंतर सुरू झाली. संध्याकाळी सातला चार्जिंगला लावते. अर्ध्या तासात लाल दिवा लागतो आणि चार्जिंग बंद. काढून परत लावलं की दहा मिनिटं चालतं, परत तेच. दोनदा सकाळी उठून बघितलं तर बॅटरी ३० टक्के! त्या दिवशी वडापच्या जीपनं गेले आणि कामावर उशीर झाला. शोरूमला दाखवलं, तिथे गाडी नीट चार्ज झाली. "घरचं अर्थिंग बघा" म्हणाले. घर जुनं आहे, वायरिंग सासऱ्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी करून घेतलेलं. स्टॅबिलायझर घेऊ का? की सगळं वायरिंगच बदलावं लागेल?

दुसरं, आणि मला यातच जास्त काळजी आहे. आमची ३० गुंठे काजूची बाग. मोहोर धरायच्या आधी झाडांखालचं गवत काढावं लागतं, नाहीतर पुढे पडलेल्या बिया सापडत नाहीत. मामा (सासरे) ६८ वर्षांचे. पेट्रोलचं मशीन खांद्याला अडकवून तेच कापतात. दोरी ओढून ओढून खांदा धरलाय, आणि तासभर चालवलं की बोटं बधिर होतात, रात्री पाण्याचा तांब्यासुद्धा धरवत नाही. गडी वेळेवर मिळत नाही आणि ते थांबतही नाहीत. बॅटरीवरचं मशीन कुणी बागेत वापरलंय का? ४० व्होल्ट, ४ अँपिअर-तास असं एक बघितलंय. कमरेएवढ्या गवताला चालेल का?

प्रतिसाद १

ताई, मी वायरिंगची कामं करतो, निपाणी भागात. वायरिंग बदलायची घाई करू नका. स्कूटरचा चार्जर सातशे-साडेसातशे वॅटचा असतो, म्हणजे जेमतेम सव्वातीन अँपिअर. इस्त्रीपेक्षा कमीच. आधी दोन गोष्टी मोजून घ्या.

एक, व्होल्टेज. संध्याकाळी सात, रात्री दहा आणि पहाटे चार, तिन्ही वेळेला. दिवाळीनंतर मळ्यातल्या मोटरी सुरू होतात. थ्री फेज गेली की लोक सिंगल फेजवर कंडेन्सर लावून मोटर चालवतात आणि सगळ्या गावाचं व्होल्टेज पडतं. चार्जरच्या स्टिकरवर इनपुट व्होल्टेज लिहिलेलं असतं, त्याच्या खाली गेलं की तो बंद पडणारच.

दोन, न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज. ते चार-पाचच्या आत पाहिजे. तुमच्याकडे जांभा दगड, पाऊस संपला की जमीन सुकते आणि जुनं अर्थिंग धरत नाही. खड्डा उकरून नवा पाईप, कोळसा आणि मीठ घालून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा. सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवा, हे टाळू नका. घरात लहान मुलं असतील. स्टॅबिलायझर शेवटी बघू. अर्थिंग खराब असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

प्रतिसाद २

वैनी, आमची बाग चंदगड तालुक्यात, बॅटरीचं मशीन दोन हंगाम वापरतोय. ४० गुणिले ४ म्हणजे १६० वॅट-तास. दाट गवतात मोटर पाचशे वॅट खेचते, तेव्हा एका बॅटरीवर वीस मिनिटं धरा, जास्त नाही. ३० गुंठे एका दिवसात होणार नाहीत. आम्ही दोन बॅटऱ्या घेतल्या. एक चालू, एक चार्जिंगला, आणि रोज सकाळी पाच-सहा गुंठेच कापतो. कमरेएवढं वाढू देऊ नका, गुडघ्याला आलं की कापा. जाड झुडपाला नायलॉनची तार चालत नाही, पातं लावावं लागतं. झुडपं फारच असतील तर त्यांच्यापुरतं पेट्रोलचं ठेवा. घरच्या प्लगला जोडायचं वायरीचं मशीन मात्र स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. ओल्या गवतात पन्नास मीटर वायर ओढायची म्हणजे जिवाशी खेळ.

माझ्या वडिलांनाही हाताला मुंग्या येण्याचा त्रास होता. बॅटरीच्या मशीनला हादरा कमी आहे, दोरी ओढायची नाही. पण बोटं रात्रीसुद्धा बधिर राहत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल वायरमन येऊन गेले. व्होल्टेज संध्याकाळी १६८, पहाटे २२१. न्यूट्रल-अर्थिंगमध्ये ३४! खड्डा रविवारी मारायचा ठरलाय, जागा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ निवडली म्हणजे ओल राहील. तोवर पहाटे साडेतीनचा गजर लावून उठते आणि गाडी लावते. आज आठपर्यंत सलग चार्ज झाली.

मामांना दवाखान्यात नेणार आहे, वेळ घेतलीय. दादा, चंदगड आम्हाला लांब नाही. मशीन घेण्याआधी मामांना एकदा तुमच्या बागेत आणून हातात धरून बघू दिलं तर चालेल का? बॅटरीची किंमत मशीनच्या जवळपास निम्मी आहे, म्हणून दुसरी बॅटरी आत्ताच घ्यायची की नाही, ते त्यानंतर ठरवेन.