हॅरिसनला पेट्रियट्सनी घ्यावं का? वय ३९, मागणी एकच, खेळायला द्या

फॉक्सबरो_फटाका (२५ डिसेंबर २०१७)
घरात पाहुणे घोरतायत, मला झोप नाही, म्हणून धागा काढतोय. शनिवारी अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्सनी जेम्स हॅरिसन ह्या लाईनबॅकरला सोडला. त्यांचा टॅकल, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या रांगेतला गडी, मार्कस गिल्बर्ट सस्पेन्शन संपवून परत येतोय, ५३ जणांच्या यादीतून कुणाचं तरी नाव खोडायचं होतं, ते ह्या बाबाचं खोडलं. ज्याच्या नावावर त्या टीमचे सगळ्यात जास्त सॅक आहेत, ८०.५, त्याचं! आख्ख्या सीझनमध्ये त्याला ४० स्नॅप, म्हणजे मैदानावरच्या ४० खेळी, मिळाले, एवढ्यात बुटाला माती पण लागत नाही. आता तो वेव्हर्सवर आहे, म्हणजे तळाच्या टीमपासून सगळ्यांना विचारणार, कुणी हात वर नाही केला तर मोकळा, मग ज्याच्याशी पाहिजे त्याच्याशी बोलू दे.
माझं मत, आपण पेट्रियट्सनी घ्यावा. आपला लाईनबॅकर हाईटावर ऑक्टोबरपासून छातीचा स्नायू फाटून घरी बसलाय, काल बिल्सना ३७-१६ धुतलं ते ठीक, पण प्लेऑफमध्ये कडेला पाय रोवून रन (बॉल घेऊन पळणं) अडवणारा माणूस मला तरी दिसत नाही. मॅचला १५-२० स्नॅप द्या त्याला, बास.

पोळपाट_पिट्सबर्ग
माझ्याकडे ९२ नंबरची जर्सी आहे, त्यामुळे आधीच डोकं फिरलंय, त्यात हा धागा. फटाक्या, तुला वाटतंय तो १५-२० स्नॅपवर खूश राहील? अरे तो बसवून ठेवलं म्हणूनच तर कुरकुरत होता, सोडा म्हणून स्वतःच मागे लागला होता म्हणे. मार्चमध्ये दोन वर्षांचा करार झाला आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांची निवड) टीमनी पहिल्याच फेरीत टी. जे. वॉट उचलला, तेव्हाच कळायला पाहिजे होतं की खुर्ची गेली. वॉट २३ वर्षांचा, धावतोही आणि मागे जाऊन पासही कव्हर करतो, त्याला बसवून ३९ वर्षांच्या माणसाला उतरवायचं कशासाठी, जुनी ओळख म्हणून? न्या तुम्ही, आणि कुरकुर पण न्या सोबत.

अटलांटाची_सून
ह्या विषयावर बोलायचा हक्क फक्त मला आहे. फेब्रुवारीत सुपर बोलला, म्हणजे लीगच्या फायनलला, तुमच्याविरुद्ध २८-३ नी पुढे असलेली माझी टीम ज्या एका खेळीनी गडगडायला लागली ती हाईटावरचीच होती, आमच्या पास फेकणाऱ्या मॅट रायनच्या हातातून बॉल पाडला होता त्यानी, मी अजून तो व्हिडिओ बघत नाही. तर असल्या माणसाच्या जागी तुम्ही ३९ वर्षांचा घेणार? घ्या घ्या, नक्की घ्या, माझा पाठिंबा. 😊

पुण्याचा_पाहुणा
अज्ञानाबद्दल क्षमस्व, मुलीकडे न्यू जर्सीला आलोय, जावई दिवसभर हेच बघतात. लाईनबॅकर म्हणजे नक्की काय? आणि सॅक?

फॉक्सबरो_फटाका
काका, कबड्डी बघता ना? पुढे जी धिप्पाड मंडळी वाकून बसतात त्यांच्या मागे किंवा अगदी टोकाला उभा असतो तो लाईनबॅकर. हॅरिसन टोकाचा, म्हणजे आपला कोपरारक्षक समजा. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, हातात बॉल असतानाच त्याला जाऊन आडवा केला की सॅक. पण त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला कडेनी निसटू द्यायचं नाही, मधल्या गर्दीत ढकलायचं. ह्या कामाला वेग कमी लागतो, ताकद आणि अक्कल जास्त, म्हणून तर म्हणतोय वय आड येणार नाही.

पुण्याचा_पाहुणा
असं होय. मग सोपं आहे की, कोपऱ्यावर अनुभवी माणूसच हवा. पोरं उगाच उडी घेतात आणि रेडर बोनस घेऊन जातो.

पोळपाट_पिट्सबर्ग
काका, पाहुणे म्हणून आलात आणि एका कमेंटमध्ये पेट्रियट्सचे झालात! पण कबड्डीतला कोपरा ३९व्या वर्षी प्लेऑफला उतरवतं का कुणी?

जर्सीचा_जुना_गडी
वयाचं काय लावलंय, ह्याच पेट्रियट्सनी २००६ साली ज्युनिअर सीओ ह्या लाईनबॅकरला ३७व्या वर्षी घेतलं होतं, रिटायर होतो म्हणून जाहीर करून चार दिवस झाले नव्हते त्या माणसाला. पुढच्या वर्षी साखळीतल्या सगळ्या १६ मॅच जिंकून १६-० झाले.

पोळपाट_पिट्सबर्ग
आणि पहिल्याच वर्षी हात मोडून बसला ते नाही सांगितलंस. आणि १६-० नंतर फायनलला काय झालं ते तुमच्या जर्सीवाल्या जायंट्सनाच विचार.

फॉक्सबरो_फटाका (२६ डिसेंबर)
घेतला!!! कुणी क्लेम केलं नाही, आपल्या कोच बेलिचिकनी लगेच उचलला. धागा सार्थकी लागला माझा.

खवट_खारीक
धागा बघूनच घेतला असणार, बेलिचिक रोज मराठी वाचतो. खरं कारण सांगू? ह्यांना हॅरिसन नको, हॅरिसनचं तोंड पाहिजे. एएफसी फायनलला, म्हणजे सुपर बोलच्या आधीच्या सेमीफायनलला, परत स्टीलर्स समोर येणार, १७ तारखेला २७-२४ नी कसेबसे जिंकलात, तो जेसी जेम्सचा कॅच रेफरीनी रद्द केला म्हणून, नाहीतर गेली होती मॅच. आता हा जाऊन स्टीलर्सचे मैदानावरचे सगळे इशारे सांगणार.

फॉक्सबरो_फटाका
इशारे आठवड्यात बदलता येतात रे. तेवढ्यासाठी ५३ पैकी एक जागा कोण घालवेल?

खवट_खारीक
बेलिचिक.

पोळपाट_पिट्सबर्ग (२८ डिसेंबर)
आता ऐका. आमच्या स्टीलर्सचा पाऊन्सी उघड म्हणाला की ह्यानी स्वतःचा वारसा स्वतःच पुसला. आणि साहेबांचं इन्स्टाग्रामवर उत्तर असं की ३९व्या वर्षी मी बाकावर बसून पगार घ्यायला सही केली नव्हती. अरे पण टीमच्या मीटिंगला मन नाही, पोरांना शिकवायला मन नाही असं आतलेच लोक बोलतायत, मग बाकावर बसून करत काय होतास? सीनिअर माणसाचं अर्धं काम बाकावरच असतं.

जर्सीचा_जुना_गडी
इथे मात्र मी हॅरिसनच्या बाजूनी. ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, ज्याला सुरुवातीला स्टीलर्सनीच परत परत काढला, तो माणूस २००८ चा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेअर झाला, आणि त्याच सीझनच्या सुपर बोलला समोरच्या टीमच्या कर्ट वॉर्नरचा पास पकडून १०० यार्ड पळत सुटला, हाफटाइमला काही सेकंद राहिले असताना, टचडाउन करूनच जमिनीवर पडला, ऑक्सिजन लावायला लागला. तो 'मी अजून खेळू शकतो' ह्या एका हट्टावरच इथपर्यंत आलाय. तो हट्ट चालला तोवर तुम्ही जर्सी घेतल्या, आता तोच हट्ट त्रासदायक झाला होय?

पोळपाट_पिट्सबर्ग
...जर्सी अजून कपाटातच आहे, टाकली नाहीये.

फॉक्सबरो_फटाका (३१ डिसेंबर)
दोन सॅक!! पहिल्याच मॅचला! जेट्सना २६-६! पोळपाटराव, कुठे आहात?

अटलांटाची_सून
जेट्सविरुद्धचे सॅक अर्धेच धरायचे असतात, त्यातही हे अगदी शेवटी, मॅच संपल्यात जमा असताना. पण हो, बघायला मजा आली, खोटं कशाला बोलू.

खवट_खारीक (१५ जानेवारी २०१८)
स्टीलर्स ४२, जॅग्वार्स ४५. ज्या एएफसी फायनलसाठी इशाऱ्यांची चोरी चालली होती ती झालीच नाही. माझी थिअरी मागे घेतो.

पोळपाट_पिट्सबर्ग
आज कुणी काही लिहू नका. ४५ पॉइंट दिले घरच्या मैदानात. एका लाईनबॅकरनी हे वाचलं असतं असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन, कारण खरं भोक आमच्या मधल्या लाईनबॅकर शेझिअरचं होतं, ४ डिसेंबरला बिचारा मैदानातच कोसळला ती जागा कुणी भरलीच नाही. हॅरिसन मधल्या त्या जागेचा माणूसच नव्हे.

फॉक्सबरो_फटाका (५ फेब्रुवारी)
सुपर बोल हरलो. ईगल्सकडून, ४१-३३. आपल्या क्वार्टरबॅक ब्रेडीनी ५०५ यार्ड मारून पण हरलो. त्यांच्या क्वार्टरबॅक फोल्सला आमच्याकडून एकही सॅक नाही, हॅरिसनकडून नाही आणि इतरांकडून पण नाही. तरी माझं मत बदललेलं नाही, डिसेंबरअखेरीला फुकटात मिळालेला माणूस होता, त्यानी जेवढं करायचं तेवढं केलं, आपल्या बचावातल्या बटलरला बाकावर का बसवला ते आधी विचारा बेलिचिकला.

पोळपाट_पिट्सबर्ग
म्हणजे बाकावर बसवलं की राग येतो तर. कळलं आता?

पुण्याचा_पाहुणा
मी परवा पुण्याला परत आलो. जावयांनी पेट्रियट्सची टोपी दिली होती, ती आता घालावी की नको?