मदत हवी आहे: बर्फात तंबूतला मुक्काम, ग्वाल्हेरहून कुठे आणि कसा?

लष्करकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, बायको आणि पंधरा वर्षांची मुलगी असे तिघं बर्फात दोन रात्री राहायचं म्हणतोय. हॉटेल नको, तंबूच हवा. चालायची सवय तिघांनाही आहे, पण बर्फावर झोपण्याचा अनुभव अजिबात नाही. मुलीला थंडीत अधूनमधून दम्याचा त्रास होतो, पंप घेते. घरात आहे ते असं: तिघांचा साधा डोम तंबू (आतलं कापड बरंचसं जाळीचं), ‘०°’ असं छापलेल्या तीन स्लीपिंग बॅगा आणि योगा मॅट. डोक्यात तीन जागा आहेत: उत्तराखंडातलं केदारकंठा, तिथलंच चोपता-देवरियाताल, नाहीतर हिमाचलात अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू.

यातलं आमच्यासाठी कुठलं? सामानात काय बदलावं लागेल? आणि ग्वाल्हेरहून सोयीचं कसं पडेल? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पायवाट

जागा निवडताना फोटो बाजूला ठेवा आणि एवढंच बघा: रात्री दोन वाजता कुणाला बरं वाटेनासं झालं, तर अंधारात, बर्फातून किती वेळात छपराखाली पोचाल?

या कसोटीवर सिस्सू आधी गळतं. गाव साधारण ३१०० मीटरवर, म्हणजे गाडीतून उतरलात की पहिलीच रात्र त्या उंचीवर. शिवाय सगळी वाट ९.०२ किलोमीटरच्या एका बोगद्यावर अवलंबून. जोराचा बर्फ पडला की बोगद्याची वाहतूक थांबवतात आणि तुम्ही अलीकडे किंवा पलीकडे अडकता.

केदारकंठा सुंदर आहे, पण पायथ्याचं सांकरी गाव (१९५० मीटरच्या आसपास) सोडल्यावर दोन-तीन रात्री वर जातात आणि माथा ३८१० मीटर. डेहराडून ते सांकरी हाच पुरोला-मोरीमार्गे पूर्ण दिवसाचा प्रवास. डिसेंबरअखेर तिथे गर्दीही प्रचंड असते. स्वतःचा तंबू घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जायचंच असेल तर स्थानिक वाटाड्याबरोबर जा, परवाने काढून, कारण तो सगळा भाग गोविंद अभयारण्यात येतो.

तुमच्यासाठी देवरियाताल. उंची २४३८ मीटर. खालचं सारी गाव अडीच-तीन किलोमीटरवर, वाट फरसबंद आणि ठळक. बर्फ असला तरी टॉर्च घेऊन दीड तासात गावात उतरता येतं. समोर चौखंबा शिखर (७१३८ मीटर). पहिली रात्र सारी गावात छपराखाली काढा, दोन रात्री वर. मधल्या दिवशी सकाळी खाली उतरून गाडीने चोपत्याकडे जा. दुगलबिट्ट्याच्या आसपास रस्ता बर्फाने बंद असेल तर तिथून पुढे पायी, जमेल तेवढंच. चोपत्यावरचं तुंगनाथचं देऊळ (३६८० मीटर) हिवाळ्यात बंद असतं, देव तेव्हा मक्कूमठात असतात. ताजा बर्फ पडून दोन दिवसही झाले नसतील तर तुंगनाथची चढण आणि त्यावरचं चंद्रशिला शिखर दोन्ही सोडा. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार हिमस्खलनाचे असतात आणि बर्फ पडल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट.

आता अडचण. डिसेंबरअखेर देवरियातालला बर्फ असेलच असं नाही. जानेवारीचा दुसरा पंधरवडा जास्त भरवशाचा. २६ जानेवारीला जोडून रजा मिळत असेल तर ती घ्या.

तंबू कुठेही ठोकता येत नाही. २०१८ साली नैनीतालच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आहे. वनखात्याच्या चौकीवर शुल्क भरा आणि ते दाखवतील त्याच जागी तंबू लावा. तळ्याच्या काठाचा हट्ट धरू नका.

हिमगौरी

पायवाट यांच्याशी सहमत. मी सामानावर लिहिते, कारण तुमच्या यादीतली खरी धोक्याची वस्तू योगा मॅट आहे.

बर्फावर थंडी खालून येते. बॅगेचं पाठीखालचं कृत्रिम भरण किंवा पिसं तुमच्या वजनाने दबून सपाट होतात, त्यात हवा उरत नाही आणि तेवढ्या भागापुरती बॅग नसल्यासारखीच होते. तिथे अडवणारी फक्त मॅट. मॅटची थंडी अडवण्याची ताकद ‘आर’ आकड्यात मोजतात. साध्या ट्रेकिंगच्या फोम मॅटचा आकडा दोनच्या आसपास, बर्फासाठी एकूण पाच तरी हवा. आकड्यांची बेरीज होते, म्हणून खाली फोम आणि वर फुगवायची मॅट असा दुहेरी थर करा. फुगवायची मॅट तोंडाने फुगवू नका. श्वासातली वाफ आत जाऊन गोठते, मॅटसोबत येणारी पंपाची पिशवी वापरा. फोम खाली घालण्याचं आणखी एक कारण: वरच्या मॅटला रात्रीत भोक पडलं तरी काहीतरी शिल्लक राहतं. पायाखाली रिकामी सॅक सरकवा.

बॅगेवरचा ‘०°’ नेमका कुठला ते बघा. चांगल्या बॅगेच्या आतल्या चिठ्ठीवर तीन आकडे असतात: आरामाचा, मर्यादेचा आणि टोकाचा. टोकाचा आकडा म्हणजे जीव वाचेल एवढंच, झोप नाही. आरामाचा आकडा सर्वसाधारण स्त्रीच्या शरीरावरून काढलेला असतो, घरातल्या तिघांसाठी तोच धरा. तिथे रात्री शून्याखाली पाच-सात अंश गृहीत धरा आणि आरामाचा आकडा उणे दहा असलेल्या बॅगा ऋषिकेशला भाड्याने घ्या. घेताना बॅग मुठीत दाबून सोडा. लगेच फुगून वर आली तर ठीक, चेपलेलीच राहिली तर दुसरी मागा. चेन पायापर्यंत दोनदा उघडून-लावून बघा.

निघण्याआधी जानेवारीतल्या एका रात्री तिघं गच्चीवर तंबू लावून झोपा. ग्वाल्हेरला तेव्हा पहाटे पाच अंशांच्या आसपास असतं आणि दवही भरपूर. तिथे पाठ गार पडली तर वर काय होईल ते कळेलच, आणि तंबूच्या आतल्या बाजूला किती पाणी साचतं तेही दिसेल. ते पाणी तुमच्याच श्वासाचं. म्हणून थंडी वाटली तरी वरचे झरोके बंद करायचे नाहीत आणि तोंड बॅगेत घालून झोपायचं नाही. ओलसर बॅग दुसऱ्या रात्री पुरेशी ऊब देत नाही.

तुमचा तंबू निरभ्र रात्रीसाठी चालेल. बर्फ पडणार असेल तर नाही: जाळीतून भुरभुर आत येते आणि वरच्या बर्फाच्या वजनाने काड्या वाकतात. तशी वेळ आलीच तर दर दोन तासांनी आतून छत थोपटून बर्फ खाली पाडायचा.

तंबू लावण्याची पद्धत वेगळी आहे. आधी बूट घालून जागा तुडवून सपाट करा आणि अर्धा तास तशीच सोडा. तुडवलेला बर्फ तेवढ्यात घट्ट बसतो, नाहीतर रात्रीत अंगाखाली खड्डे पडतात आणि तेच गोठून राहतात. नेहमीच्या खुंट्या बर्फात धरत नाहीत. वीतभर लांबीची काटकी घ्या, मधोमध दोरी बांधा, दोरीच्या ओढीला आडवी ठेवून फूटभर खोल पुरा आणि वर बर्फ तुडवा. वीस मिनिटांनी ओढून बघा, हलणार नाही. काटकी नसेल तर बर्फाने भरलेली कापडी पिशवीही तेच काम करते. खोलगट जागा टाळा, गार हवा तिथेच साचते. बर्फाने लादलेल्या फांदीखालीही नको.

कपड्यांत सुती काही नको, बनियनसुद्धा. जीन्स घरी ठेवा. घामाने भिजलेलं सुती कापड वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषत राहतं. आत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर, मग फ्लीस, मग जाड जाकीट, वरून वारा-पाणी अडवणारा थर. फ्लीस आणि लोकरी टोप्या थंडीतल्या तिबेटी बाजारात मिळून जातील. झोपताना घालायचे मोजे वेगळे ठेवा, ते दिवसा घालायचेच नाहीत. आणि दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट करू नका, रक्त पोचलं नाही की बोटं आधी गार पडतात.

लष्करकर

हिमगौरीताई, पायवाट, मनापासून आभार. मॅटचं लक्षातच आलं नव्हतं. जानेवारीचं बघतो. दोन शंका: घरचा छोटा गॅस रेल्वेने नेता येईल का? आणि तंबूत रात्री थोडा वेळ कोळशाची शेगडी ठेवली तर?

चूलवैल

शेगडी नाही. थोडा वेळही नाही, झरोके उघडे ठेवूनही नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही. निखारे विझत आलेत असं वाटतं तेव्हाही तो निघतच असतो. गॅसची चूलही तंबूबाहेरच पेटवायची.

गॅस रेल्वेत चालत नाही, ज्वलनशील माल म्हणून गुन्हा होतो. डबे ऋषिकेशला घ्या. घेताना लेबल वाचा. नुसता ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला द्रवच राहू लागतो, म्हणून थंडीत डबा भरलेला असूनही ज्योत मरते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने थोडी सवलत मिळते, पण चूल चालू असताना डबा स्वतःच आणखी गार होत जातो. प्रोपेन मिसळलेला स्क्रूचा डबा घ्या, प्रोपेन उणे बेचाळीसलाही वायू होतो. डबा रात्री बॅगेत घेऊन झोपा आणि चूल पेटवताना तो कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवा. ज्योतीवर धरून डबा गरम करायचा नाही, कधीच नाही.

किती लागेल? बर्फ वितळवून एक लिटर पाणी करायला पंचवीस-तीस ग्रॅम गॅस धरा. माणशी दिवसाला चार लिटर, तिघांचे दोन दिवस म्हणजे चोवीस लिटर: सहाशे ते सातशे ग्रॅम. २३० ग्रॅमचे तीन डबे आणि एक राखीव. खालून पाणी आणलंत किंवा वर वाहतं मिळालं तर निम्म्यात भागेल, पण हिशेब बर्फाचाच करा. गॅस एवढा का जातो: शून्य अंशाच्या बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी जवळपास ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. पातेल्यात आधी दोन-तीन घोट पाणी घाला, मग मूठ-मूठ बर्फ. कोरडा बर्फ थेट टाकला तर भांडं जळतं आणि पाण्याला करपट वास येतो. ताजा बर्फ दहा लिटर घ्याल तेव्हा एक लिटरच्या आसपास पाणी निघतं, म्हणून आणायला मोठी पिशवी ठेवा.

तिथे पाणी साधारण ९२ अंशांना उकळतं. तूरडाळ कुकरशिवाय शिजणार नाही. पोहे, उपमा, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी बरी. येताजाता खायला गजक भरपूर न्या. चॉकलेट थंडीत दगड होतं, गजक नुसती अजून कुरकुरीत होते, आणि आपल्याकडच्यासारखी ताजी वर कुठे मिळणार?

झोपताना पाण्याची बाटली उलटी ठेवा, झाकण खाली. पाणी वरून गोठतं, त्यामुळे सकाळी झाकणाकडचं पाणी वाहतं असतं. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून बॅगेत पायाशी घेता येते. झाकण आधी उपडं धरून, दाबून बघा. थेंबभर गळती असेल तरी ती बाटली बॅगेत नको.

शुभ्रा

मुलीबद्दल. गार कोरडी हवा दमा चाळवते. जाण्याआधी डॉक्टरांना उंची आणि तापमान सांगून लेखी योजना घ्या. पंप आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. डबी गार झाली की फवारा नीट येत नाही. दुसरा पंप आईच्या खिशात. चालताना नाकातोंडावर बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी. तंबूपर्यंत चालताना ती बोलू शकेल एवढाच वेग ठेवा.

२४३८ मीटरवर उंचीचा त्रास बहुतेकांना होत नाही, पण डोकेदुखी आणि मळमळ सोबत आली तर वर चढणं थांबवा. चालताना झोक जात असेल तर लगेच खाली, सकाळची वाट बघायची नाही. थंडीने कुडकुडणारा माणूस कोरडे कपडे, गरम पाणी आणि खाणं दिलं की सावरतो. कुडकुडणं आपोआप थांबलं आणि तो अडखळत बोलू लागला, तर ती आणीबाणी आहे. बोटं पांढरी आणि बधिर झाली तर बर्फाने किंवा हाताने चोळू नका, काखेत धरून ऊब द्या.

काळे चष्मे तिघांनाही हवेत, ढगाळ दिवशीसुद्धा. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावायचं, ऊन तिथे खालून लागतं.

फूलबागवाला

गाडीचं: पुरीहून ऋषिकेशला जाणारी उत्कल एक्सप्रेस ग्वाल्हेरवरून रोज जाते, हरिद्वारला उतरता येतं. जानेवारीत धुक्यामुळे ती कित्येक तास उशिरा धावू शकते. म्हणून त्याच दिवशी पुढचं काहीही ठरवू नका. रात्र हरिद्वार-ऋषिकेशला काढा आणि पहाटे निघा. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कुंड, उखीमठ आणि मग सारी: गाडीला आठ-नऊ तास धरा. अंधार पडायच्या आत सारीत पोचायचंय, तिथे तेव्हा साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो.

सरावाला किल्ला आहेच. ग्वाल्हेर गेटपासून हत्ती पोळपर्यंत, भरलेली सॅक घेऊन, आठवड्यातून तीनदा. वर जाऊन थांबू नका, उतरून पुन्हा चढा. बूट याच महिन्यात घ्या, म्हणजे फोड इथेच येऊन जातील.

लष्करकर

सगळ्यांचे आभार. जानेवारीचा चौथा आठवडा ठरवतोय: सारीत एक रात्र, वर दोन. शेवटचा प्रश्न: निघायचं की नाही हे हवामान बघून नक्की कधी ठरवायचं?

पायवाट

तीनदा. निघण्याच्या चार दिवस आधी डेहराडूनच्या हवामान केंद्राचा अंदाज बघा. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ आणणारी हवा, येतोय असं असेल तर तारीख पुढे ढकला. ऋषिकेशला पोचल्यावर पुन्हा बघा. हिमस्खलनाची सूचना चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था देते, चोपत्याच्या दिवसासाठी तीही वाचा. तिसऱ्यांदा सारीत, सकाळी, गावकऱ्यांना विचारून. ते ‘आज नको’ म्हणाले तर दोन्ही रात्री गावातच काढा.

परतीचं आरक्षण एक दिवस पुढचं करा आणि तो जादा दिवस घरात आधीच सांगून ठेवा. मोबाईल आणि पॉवर बँक रात्री बॅगेत घेऊन झोपा. गोठलेला मोबाईल चार्जिंगला लावू नका, आधी अंगाशी धरून गरम होऊ द्या. बूटही पिशवीत घालून बॅगेच्या पायथ्याशीच ठेवायचे. बाहेर राहिले तर सकाळी पाय आत जाणार नाही.