पोटठेकेदाराच्या मजुराचा अपघाती मृत्यू आणि विमा कंपनीचा नकार

प्रश्न : भुसावळचा ठेकेदार
मे 2023 मध्ये माझ्या साइटवर सेंट्रिंग निसटून धडगावकडचा 30 वर्षांचा मजूर दगावला. तो माझ्या हजेरीपत्रकावर नव्हता. ज्या मिस्त्रीला सेंट्रिंगचे काम दिले होते, त्याच्या टोळीतला होता. पॉलिसीत फक्त माझे दहा मजूर दाखवलेले असल्याने त्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही, असे विमा कंपनीचे म्हणणे आहे. वारसांनी कामगार भरपाई आयुक्तांपुढे मला, मिस्त्रीला आणि विमा कंपनीला, अशा आम्हा तिघांनाही प्रतिवादी केले आहे. मी त्यांना एक लाख रुपये रोख दिले आहेत. कंपनीचा वाद मिटेपर्यंत उरलेले पैसे भरू नयेत, हा सल्ला योग्य आहे काय?

उत्तर : वकील, जळगाव
भाऊ, हा सल्ला तुम्हाला महागात पडेल. अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या कलम 12 नुसार, तुमच्या नेहमीच्या धंद्यातले काम तुमच्या ताब्यातील जागेवर पोटठेकेदाराकडून करवून घेतले असेल, तर तो मजूर तुम्हीच ठेवला होता असे समजून भरपाई तुमच्याकडून मागता येते. ती मिस्त्रीकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे. मिस्त्रीच्या गाठीला काही असेल, तर त्याचा उपयोग. हिशेबासाठी मासिक मजुरी 15,000 रुपयेच धरली, तर तिची निम्मी रक्कम गुणिले 207.98 (30 वर्षांच्या वयासाठी कायद्याने ठरवलेला गुणांक), म्हणजे 15,59,850 रुपये होतात. त्यावर अपघाताच्या दिवसापासून द.सा.द.शे. 12 टक्के, म्हणजे वर्षाला 1,87,182 रुपये व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. शिवाय मृत्यूच्या प्रकरणात रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हातात दिलेल्या पैशांतून तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतची आगाऊ रक्कमच वजा होते.

उत्तर : विमा दाव्यांचे काम करणारा, धुळे
वकीलसाहेबांचे म्हणणे बरोबर आहे, पण मजुराशी असलेली जबाबदारी आणि पॉलिसीचा करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठेकेदारांच्या कामगारांना संरक्षण देणारा जादा शेरा पॉलिसीला जोडला आहे का, आणि हप्ता ठरवताना दाखवलेल्या एकूण मजुरीत मिस्त्रीचे बिल धरले होते का, हे आधी पाहा. धरले असेल, तर 'दहाच मजूर' हा बचाव लंगडा पडतो. स्वस्त हप्त्याच्या नादात हा शेरा बहुतेक वेळा राहून जातो, आणि एजंटही त्याची आठवण करून देत नाहीत. व्याजाचेही तपासा. वाहन विम्यात व्याज कंपनीने द्यावे, दंड मात्र मालकाने, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये ठरवले होते. पण कामगार विम्याच्या अशा पॉलिसीत व्याज वगळण्याची अट वैध असल्याचे 2006 च्या हर्षदभाई मोधिया प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले.

भुसावळचा ठेकेदार
पॉलिसी काढून वाचली. जादा शेरा नाही, व्याज स्पष्ट शब्दांत वगळले आहे. मात्र मिस्त्रीचे बिल मजुरीच्या आकड्यात धरलेले आहे. मूळ रक्कम या आठवड्यात आयुक्तांकडे भरतो आणि हप्त्याच्या हिशेबाची नक्कल कंपनीकडून लेखी मागवतो.